भिंतीवरचा चार

पत्रे कापणाऱ्या त्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे तीनबोटी. डाव्या हाताची दोन बोटं बाविसाव्या वर्षी प्रेसने खाल्ली होती. ती बोटं कचऱ्याच्या डब्यात गेली आणि आठवड्याने मावशी पुन्हा त्याच मशीनवर उभी. तेव्हा ती गप्प बसली, याचा तिला अजून संताप येतो.

प्रेसमागच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलं होतं: दाब = ४ × जाडी. दोन मिलिमीटरचा पत्रा असला की आठ टन, तीनचा असला की बारा. जाडी बदलायची, चार कधीच नाही. कडक पत्रा हटून बसला की फोरमन म्हणायचा, "तीनची जाडी पाच धर." तरी कापला नाही, तर सात धर. पत्रा तीनचाच, खोटी जाडी मात्र फुगत जायची. सात चोक अठ्ठावीस, आणि प्रेसची ताकद होती पंचवीस टनांची. दोन महिन्यांपूर्वी असंच सात धरलं, पत्रा कापणारा साचा फुटला आणि त्याचा तुकडा चालवणाऱ्याच्या गळ्यात घुसला. उभा माणूस क्षणात आडवा झाला. रक्तावर भुसा पसरला, दुपारी मशीन सुरू. फोरमनने खुशाल सांगितलं, जाडी मोजताना त्या मेलेल्याचीच चूक झाली.

त्या जागेवर मावशीची भाची लागली, नुकती शाळा संपवलेली. जेवणाच्या सुट्टीत ती भिंतीकडे बघून हसली.

"मावशी, जाडी हे चल. ती बदलणारच. चार हा तिचा सहगुणक, म्हणजे एका मिलिमीटरला किती टन लागतात तो आकडा. पण हा मऊ पत्र्याचा. कडक पत्र्याचा वेगळा असणार."

"आणि आपण बसलोय जाडीच्या मागे हात धुऊन."

मावशीने कडक पत्र्याचे तुकडे कापून बघितले. एक मिलिमीटरचा नऊ टनांना तुटला, दोनचा अठराला. म्हणजे तीनच्याला सत्तावीस. तो पत्रा या प्रेसखाली घालायचाच नव्हता. माणूस उगाच मेला होता.

चार दिवसांनी तीन मिलिमीटरच्या कडक पत्र्यांची थप्पी आली. फोरमन भाचीला म्हणाला, "सात धर."

"चार चुकीचा आहे," मावशी मध्ये पडली. "या पत्र्याला नऊ लागतो. साचा फुटेल."

फोरमनने काडकन तिच्या कानाखाली ओढली. "तीन बोटांवर हिशेब शिकवतेस मला? पोरी, पेडल दाब."

भाचीचा पाय पेडलवर गेला. दाबाचा काटा लाल रेघेकडे सरकला, साचा कण्हायला लागला. मावशीने मोठा पाना उचलला आणि प्रेसला दाब देणाऱ्या तेलाच्या नळीवर घातला. एक घाव, दुसरा घाव. नळी फाटली, गरम तेल फोरमनच्या तोंडावर उडालं आणि प्रेस अर्ध्यावर मेली. तो किंचाळला, मग त्याने मावशीचे केस धरून तिला खाली आपटलं आणि लाथा घालत सुटला. तिची बरगडी मोडल्याचा आवाज भाचीने ऐकला. चौघा कामगारांनी मिळून त्याला मागे ओढलं.

भाची रडत मावशीला उचलायला वाकली. मावशीच्या तोंडातून रक्त येत होतं, पण तिने आधी पोरीचे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटसुलट करून बघितले. दहाही बोटं जागेवर होती. मग तिने तो तीन बोटांचा हात भिंतीकडे केला.

"रडतेस काय? तो चार खरवड आधी."