पंखावरचा काळा गोल

मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो. त्याच्या आंधी जुने फोटो पाहून लोकायच्या मेलेल्या बुढ्यायच्या तसबिरी काढत होतो. एकाच्या आज्याचा फेटा काळाकुट्ट रंगवला, फोटोत दिसे तसाच. त्याची आत्या म्हने, "आमचा बुढा जन्मभर लाल फेटा बांधे. मेल्यावर त्यालेच सुतक लावलं काऊन बे?" तवापासून तसबिरीचं काम बंद. शाळेत मी गेलोच नाही. मास्तरायचं नशीब चांगलं.

तरी साखरखेर्ड्याच्या फौजी काकानं मले बलावलं. काका वायुदलात मिस्तरी होते. रिटायर होऊन गावी आले अन् ढोरायच्या कोठ्यात फ्रान्सच्या जुन्या लढाऊ विमानाचा एक पंख बांधून राह्यले होते. लाकडाचा सांगाडा, त्याच्या दोन्ही अंगानं जवसाच्या धाग्याचं कापड ताणलेलं. कापड लांबून मागवलेलं, दुसरं नव्हतं.

काकाले एकच येड. त्या विमानायचा असली रंग कोनता? फोटो तं सारे काळे-पांढरे. फ्रान्सचा एक म्हातारा त्यायच्यासारखाच येडा. मोबाईलवर दोघं रंगावरून भांडत. तो आता लोनारचं सरोवर पाहाले येनार होता, अन् संगं खऱ्या विमानाच्या कापडाचा लाल तुकडा आननार होता. काकानं एवढे वर्षं जुळवलेला लाल त्याच्यापुढं टिकते का नाही, ते पाहाचं होतं. काका डब्याच्या झाकनावर रंग वाळवत, उन्हात धरत अन् म्हनत, "हा ट्रॅक्टरचा झाला." मी चहा पेत मान हालवो.

मंग काका डोयाच्या आपरेशनले बुलढान्याले गेले. जाता जाता म्हनले, "पंखावर फ्रान्सची निशानी काढ, एकात एक तीन गोल. मधात निळा, भोवती पांढरा. बाहीरचा गोल मी आल्यावर."

मले वाटलं, काकाले खुश करू. भिंतीवर त्या विमानाचा फोटो होता, त्यात बाहीरचा गोल काळा. मी ट्रॉलीचा चमकदार काळा दोन हात मारला.

काका आले. काळ्या चष्म्यातून पाहात राह्यले.

"हा काळा कुठून आला?"

"फोटोतून."

काका पालथ्या घमेल्यावर बसले. काळ्यावर लाल चढत नाही, हे तं मलेही समजे. मी चपला पाहून ठेवल्या. पन काका रागावले नाहीत. त्यायनं गनपतीच्या सजावटीतला निळा जिलेटिन कागद मोबाईलच्या पुढं धरला, माहा डबा घेऊन आलेल्या बायकोचा फोटो काढला अन् तो काळा-पांढरा केला. तिचं लाल कुंकू काळं दिसलं.

"त्या वक्ताची फिल्म अशीच होती," काका म्हने. "लाल तिले काळा दिसे, निळा फिक्का."

बायको म्हने, "म्हनजे आमच्या ह्यायच्यासारखीच."

तवा मले बुढ्याचा फेटा समजला.

काका म्हने, "पंख पलटव. मांगची बाजू कोरी हाये, तिच्यावर तिन्ही गोल काढ. माहा डोया अजून धुकट हाये, लाल तूच लाव."

"काका, मी?"

"रंग मी जुळवला. हात तुहा."

लाल लावतानी माहा श्वासही कुंचल्याले धक्का देत होता.

फ्रान्सचा पाहुना आला. त्यानं आपला तुकडा आमच्या लालावर ठेवला. मंग खुनेनं पंख उन्हात घ्या म्हने. उन्हात त्यानं लय वेळ पाह्यलं अन् काकाचा हात धरला. काकानं चष्मा काढून डोये पुसले. मले म्हने, "तो म्हनते, त्याचा तुकडा म्हातारा झाला, आपला लाल त्याच्या तरुनपनाचा हाये."

इतक्यात पंख कोठ्यात नेता नेता काळी बाजू वर आली. पाहुना थांबला. मी म्हशीमांगं सरकलो. काकानं मले हाताले धरून पुढं आनलं अन् त्याले इंग्रजीत कायतरी सांगतलं. पाहुन्यानं माह्याशी हात मिळवला, मंग काळ्या गोलाचेच जास्त फोटो काढले.

"काय सांगतलं हो काका?"

"सांगतलं का, ही बाजू फिल्मच्या डोयाची अन् ती मानसाच्या. दोन्ही याच्या हातच्या."

"मंग काळा खरडू का आता?"

"हात लावून तं पाह्य."

माही चूक इतकी चांगली करून आजवर कोनी सांगतली नव्हती, अन् तेही इंग्रजीत.