बोरमामांच्या गालातली आठोळी

बोरमामांच्या गालात दिसभर बोराची आठोळी असायची. कुनी काय इचारलं की आधी ती ह्या गालातनं त्या गालात जायची, मंगच तोंडातनं शबुद यायचा, आन तवर समोरच्याचा जीव टांगनीला. माझा तर लईच, कारन ते माझं सख्खं मामा आन सासरंबी तेच. आईनं मला आपल्या भावाच्याच पोराला दिलेली. सोलापुरातनं मोहोळच्या वाटंला लागलं की आमचा मळा, आन साऱ्या वाटंवर त्यास्नी बोरमामाच म्हनत्यात. म्हनायचे, असं लिवाय पायजे आता.

विहिरीजवळ त्यांचं एक बोर हुतं, साखरंवानी. मामांनी त्याच्याच फांद्यांचं डोळं काढून मळ्यातल्या साऱ्या झाडांवर भरलं, साऱ्यांची कलमं केली, आन रानबोरं हुती ती मुळासकट खनून टाकली. "येवढं गोड घरात असताना दुसरं कशाला?" म्हनायचं. मला सून करून आनली तवाबी हेच. बाया चेष्टा करायच्या, "मामा, भाचीच केली की! बाहेरच्या पोरी काय सरल्या?" तर आठोळी हलवून म्हनायचं, "परकी आली तर माझ्या बोराला आंबट म्हनंल!"

झाडं वाढली, फुलाला आली. बोराच्या फुलाचा वास लई घान, माश्या नुसत्या घोंगावायच्या, पन फळ न्हाय. फूल उमललं की चार दिसांत गळायचं. आन माझंबी तसंच हुत गेलं, दोन ल्योक झालं, दोनीबी संक्रांत बघायच्या आत गेलं, डोक्यावरनं बोरं ओतून बोरन्हान करायचं सुख एकाचंबी न्हाय. भावकीतल्या बाया म्हनायच्या, हिचाच पाय वाईट. मामा मला कदी बोललं न्हाईत. नुसतं झाडाखाली बसून ऱ्हायचं.

एक साल बांधाकडचं एकच झाड फळलं, तितं शेजाऱ्याच्या रानबोराची फांदी आत झुकलेली. मामा दिसभर तितंच हुबं. म्होरल्या फुलोऱ्याला माझ्याकडं जुन्या लुगड्याच्या चिंध्या मागितल्या. दोन फांद्यांवर गुंडाळल्या, माशी जाऊ नये म्हनून. एकीच्या फुलास्नी मळ्यातल्याच बोराच्या फुलाची धूळ लावली, दुसरीला रानबोराची. थोड्या दिसांनी हाक आली, "ये गं, बघ." पैल्या चिंधीत सारी फुलं गळून पडलेली. दुसरीत हिरवं मनी धरलेलं.

"फुलाला वळखू येतंय बघ," मामा म्हनलं, "ही आपलीच धूळ हाय म्हनून. दार लावून घेतंय. मला वाटलं मी येवढी झाडं केली. ते सारं एकच झाड हुतं गं, पोरी."

आन मंग माझ्या पोटाकडं बघितलं, मला सातवा हुता, आन आठोळी थुकून टाकली. तसं मी पैल्यांदाच बघितलं. भेत भेत इचारलं, "मामा, मानसाचंबी असंच असतंय?"

"ठावं न्हाय. ठावं नसताना केलं, त्येच वंगाळ झालं."

मंग शेजाऱ्याच्या रानबोराच्या फुललेल्या फांद्या पान्याच्या मडक्यात घालून त्यांनी झाडाझाडाला टांगल्या, माश्यांनी धूळ न्यावी म्हनून. लोक हसलं, "मामा, झाडांची लगनं लावताय व्हय?" मामा हसलं न्हाईत.

मला पोरगी झाली. बारशाला आई आली, माझ्या धाकट्या, आट वर्साच्या भावाला घिऊन, आन पाळन्यातल्या पोरीला कुंकू लावून म्हनली, "ही माझ्या घरची सून." बाया हसल्या. मी पोरीला पाळन्यातनं उचलून घितलं. मामांनी आठोळी हलवलीबी न्हाय.

"न्हाय, आक्का."

"माझी लेक चालली तुला, आन तुझी नात मला चालत न्हाय व्हय?"

"चालली, म्हनूनच न्हाय म्हंतो. दोन नातवं मातीत घातली म्या."

आई न जेवता उठली. मामा तापानं पडलं तरी आली न्हाय. मामा पडल्या पडल्या दाराकडं बघायचं. मला म्हनलं, "ही जगंल का, मला सांगता येत न्हाय. पन हिला लांब दे." आन मंग, "पैली बोरं आक्काला धाड." झाडं वझ्यानं वाकली तवा मामा नव्हतं.

बोरं धाडली. संक्रांतीला आई भावाला घिऊन दारात हुबी, वटीत तीच बोरं. मी पोरीला मांडीवर घितलं, आईनं डोक्यावरनं बोरं सोडली, पोर दचकून रडली, मी तिचं अंग चाचपलं, ताप न्हाय ना, ताप न्हाय ना. आईनं एक बोर उचलून खाल्लं आन आठोळी ह्या गालातनं त्या गालात गेली. आक्षी मामांवानी. माझा जीव टांगनीला.

"गोड हाय," आई म्हनली. मंग भावाच्या डोक्यावर हात ठिऊन, "ह्याला पोरगी अक्कलकोटाकडं बघीन. नात्यातली नको."

मामांस्नी सांगायला म्हनून मी झाडाकडं वळले, तर तितं नुसती पिकली बोरं गळत हुती.