कालव्यापलीकडची दारं

आमच्या गल्लीतले आमदार पूर्वी बसकंडक्टर होते. निवडून आल्यावरही गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणायची आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. कुणाकडे गेले तरी खुर्चीत टेकायचे नाहीत. दाराच्या चौकटीला एक हात लावून, गाडी आत्ता हलेल अशा बेताने उभे. विधानसभेतही म्हणे अध्यक्षांना त्यांना सारखं खाली बसवावं लागे.

पहिल्या वेळी ते बसकामगारांच्या संपामुळे निवडून आले. पुढे होऊन बोलायला कुणी तयार नव्हतं, हे बोलले. दुसरी निवडणूक मात्र त्यांनी पायांनी जिंकली. रोज सकाळी आमच्या गल्लीच्या पहिल्या दारापासून सुरुवात. एक दार उरकल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, भरल्या गाडीत तिकिटं फाडत जावं तसं. "बोला, काय काम?" एवढंच विचारायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्याकडे येऊन वैतागायच्या, "बाई, मलासुद्धा तेच विचारतात! म्हटलं, काम आहे, जेवायला बसा. तर ताट घेऊन खिडकीशी उभे."

तिसऱ्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली आणि आमची गल्ली शेजारच्या मतदारसंघात गेली. बदल्यात त्यांच्याकडे आली कालव्यापलीकडची वस्ती. कारखान्यातल्या कामगारांच्या उंच इमारती, अरुंद जिने, आणि कंडक्टरला ओळखणारं चिटपाखरू नाही. जागा राखायची तर मतं तिथूनच आणायला हवी होती.

प्रचार त्यांच्या लेकीने अंगावर घेतला. ती शाळेत माझी विद्यार्थिनी, आता वकील. लहानपणापासून मुद्द्याला धरून बोलणारी. रोज सकाळी ती गाडी काढून उभी राहायची आणि वडील गल्लीत कुणाच्या तरी नळाशी वाकलेले असायचे.

"बाबा, या गल्लीतलं एक मतही तुम्हाला मिळणार नाहीये. कायद्यानेच."

"कळतंय गं. हे एवढं दार झालं की निघू."

"पुढच्या दारात काकू उभ्या आहेत."

"मग त्यांना काय तोंड चुकवून जाऊ?"

काकू तर आणखी पुढच्या. "कंडक्टर, काळजी नको हं! आमच्या घरातली सगळी मतं तुम्हालाच." लेकीने कपाळाला हात लावला. हे होईपर्यंत दुपार व्हायची, आणि कालव्यापलीकडे पोहोचावं तर माणसं कारखान्यात, दारांना कुलपं. रात्री त्यांच्या खोलीत येरझाऱ्या चालत. आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच असल्याने मला ऐकू यायच्या.

"बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना," लेक एकदा म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली आणि विचारलं, "तुमचा जिन्यातला दिवा लागला का?"

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी पलीकडे सभा होती. लेकीने कारखान्याची पाळी सुटण्याची वेळ साधली होती. कंडक्टर इस्त्रीचा सदरा घालून निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी गटाराचं चेंबर तुंबलं. पाणी शिंप्याच्या दुकानात शिरू लागलं. लेक गाडीतून ओरडली, "बाबा, बसा!" शिंपी कापडाचे तागे डोक्यावर घेऊन नुसता बघत होता. कंडक्टर कधी त्याच्याकडे बघत, कधी गाडीकडे. मग पायजमा खोचून चेंबरमध्ये उतरले.

सभेला पोहोचले तेव्हा मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता.

मतदानाच्या दिवशीही गंमत. नेहमीसारखे आमच्याच केंद्रावर आले. राहायला गल्लीतच, म्हणून त्यांचंही मत आता शेजारच्या मतदारसंघात. पडद्यामागे इतका वेळ लावला, की अधिकाऱ्याला हाक मारावी लागली. बाहेर येऊन ओशाळत म्हणाले, "आपलंच नाव शोधत बसलो की हो."

निकाल लागला. पडले. लेक वडिलांशी बोलेना. वहिनींना वाटलं, आता तरी माणूस घरात टिकेल. सकाळी चहा ठेवला, तर हे चपला शोधताहेत.

"आता कुठे?" लेकीने अबोला मोडला.

"पलीकडे. तिकडची दारं राहिलीत."

"पडलात तुम्ही, बाबा! आता जाऊन काय मिळणार?"

"आज सुट्टी आहे. माणसं घरी असतील." त्यांचा हात चौकटीवर होताच. "तू मागाहून ये हवं तर."

ती धुसफुसत गाडीकडे गेली. मला म्हणाली, "चला बाई, तुम्ही असलात तर तोंड आवरेन मी."

पहिल्याच इमारतीतलं पहिलं दार. ओले केस पुसत एका बाईने उघडलं आणि आम्हा तिघांकडे संशयाने पाहिलं.

"निवडणूक झाली ना हो?"

"झाली. मी पडलो," कंडक्टर म्हणाले. "बोला, काय काम?"

त्या बाईने टॉवेल खांद्यावर टाकला. मग दार पुरतं उघडून म्हणाली, "वरच्या टाकीचं पाणी चढत नाही. या, बसा तरी."

ते बसले नाहीत. जिन्याकडे वळलेसुद्धा. लेकीने पर्समधून पेन काढलं आणि दारावरचा घरक्रमांक तळहातावर लिहून घेतला.