तीन वाजता बंद होणारं दार

माझ्या ताईचे यजमान, आमचे भाऊजी, सरकारी बांधकाम खात्यात निविदा लिपिक होते. आयुष्यात त्यांनी एकही नाटक पूर्ण पाहिलं नाही. दुसऱ्या अंकात घोरायला लागायचे, आणि तेही पहिल्या रांगेत. पण चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेली मी छातीवर हात ठेवून सांगते, त्यांच्यासारखा प्रवेश मला कधी साधला नाही.

निविदा उघडायच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या कचेरीत जाऊन मागच्या बाकावर बसायची. टेबलावर हिरवी लोखंडी पेटी, तिला दोन कुलुपं. ठेकेदार खुर्च्यांवर अवघडून बसलेले. तीनच्या ठोक्याला भाऊजी उठत, दाराला कडी लावत आणि पेटीवरची लाख फोडत. मग एकेक लिफाफा उघडून दर वाचायचे. काय तो आवाज! सिमेंट, सळई, गिलावा असले रुक्ष शब्द, पण माणसं श्वास रोखून ऐकायची.

त्यांचा एक रिवाज होता. कडी लागताना जो दाराच्या आत, त्याची निविदा घ्यायची, मग बिचारा अजून लिफाफ्याला डिंक लावत का असेना. बाहेर राहिला तो राहिला, मग कितीही बडा असो. नियमात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण तीस वर्षांत कुणी हरकत घेतली नाही.

या ठेकेदारांमध्ये एक होता, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. गवंडीकामातून वर आलेला. सरकारी दवाखाना त्यानंच बांधला होता. त्याच्या शेजारी नवी इमारत व्हायचं ठरलं, तेव्हा तो भाऊजींना म्हणाला, "साहेब, हे एवढं काम मिळू द्या. माझी बारा माणसं माझ्यासोबतच म्हातारी झालीत. त्यांना घेऊन हे करतो आणि थापी खाली ठेवतो."

"मी कोण देणारा? दर नीट भर. माझ्या हातात फक्त कडी आहे," भाऊजी म्हणाले.

त्याच वर्षी पेटी गेली आणि संगणक आला. मुख्य कचेरीतून एक बाई शिकवायला आल्या. भाऊजींनी सगळं वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

ताई म्हणाली, "अहो, रिमोटची बॅटरी बदलायला मेहुणीला बोलावता. हे कसं निभावणार?"

"मेहुणी तरी कुठं वेळेवर येते?" म्हणत भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं.

लहान ठेकेदारांच्या सोयीसाठी कचेरीतच एक संगणक मांडला होता. निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी मिस्त्री सव्वादोनला कागदांची पिशवी घेऊन आला. मीही सवयीनं जाऊन बसले होते. प्रत्येक कागद स्कॅन करायचा, त्यावर डिजिटल सही करायची, मग तो संगणकावर चढवायचा. मिस्त्रीच्या कपाळावर घाम.

"साहेब, होईल ना तीनच्या आत?"

"अरे, दाराच्या आत आलास ना? मग झालं. आधी चहा घे."

चहा आला. भाऊजींनी खुर्ची ओढली, जुन्या दवाखान्याच्या पायाला लागलेल्या पाण्याची गोष्ट काढली. मिस्त्रीही सैलावला, हसला. तीनला पाच मिनिटं कमी असताना तीन कागद राहिले होते. तीनचा ठोका पडायला आला तसे भाऊजी शांतपणे उठले आणि त्यांनी दाराला कडी लावली.

तीन वाजले. संगणकाच्या पडद्यावरचं निविदा पाठवायचं बटण राखाडी झालं. मिस्त्रीनं ते दाबलं, पुन्हा दाबलं. भाऊजींनीही दाबून पाहिलं.

"अडकलं का हो?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "बंद झालं."

"मशीन बिघडलं होतं असं कळवा की, साहेब. मुदत वाढवून देतील."

"बिघडलं नव्हतं रे."

खोटं त्यांनी लिहिलं नाही. पण आठवड्याभरात मुख्य कचेरीनं विचारलं, ही निविदा अपुरी का राहिली? त्यावर भाऊजींनी उत्तर दिलं, 'निविदाधारकाने वेळेचे नियोजन केले नाही.' चहाचा आणि दिलेल्या शब्दाचा उल्लेख नाही. त्या कागदाची नक्कल घेऊन ते माझ्याकडं आले.

"यात खोटं तर काही नाही ना?"

त्यांचा चेहरा मला दिसत होता. आणि मी, मूर्ख बाई, त्यांना नटीचा सल्ला दिला. "भाऊजी, रंगमंचावर वाक्य चुकलं तर थांबून माफी मागायची नसते. पुढचं बोलायचं. लोकांना कळतसुद्धा नाही." ते हसले. हलके होऊन घरी गेले. मी पुष्कळ भूमिका वाईट केल्या, पण त्या दुपारी जी केली तिची लाज अजून वाटते.

काम बाहेरच्या मोठ्या कंपनीला मिळालं. बारा जण पांगले. मिस्त्री स्वतः त्याच इमारतीवर मुकादम म्हणून लागला. भाऊजी तिकडं गेले की वरून ओरडायचा, "साहेब, डोकं सांभाळा, विटा चालल्यात!" दरवेळी भाऊजी चूक आपली होती हे सांगायचं ठरवून जायचे आणि गिलाव्याबद्दल चार शब्द बोलून परत यायचे. इमारत उभी राहिली. मिस्त्री दुसऱ्या शहरात लेकीकडं राहायला गेला.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी भाऊजी म्हणाले, "मिस्त्रीला पत्र लिहायचंय. मी सांगतो, तू लिही."

'सदर निविदेस विलंब झाल्याचे निदर्शनास आले...'

"कुणामुळं झाला, भाऊजी?"

"इतकं उघड लिहायचं?"

"इतकं."

पाचव्या खर्ड्यात उतरलं: 'उशीर माझ्यामुळे झाला. तू वेळेत आला होतास. मी तुला गप्पांत थांबवून ठेवलं.'

उत्तर लेकीचं आलं. बाबा गेल्या वर्षी वारले. तुमच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायचे. साहेबांनी जागा दिली, चहा दिला, मीच घरून उशिरा निघालो, असं म्हणायचे. बारा जणांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं. त्या रागापायी त्यांतले काही अंत्यविधीलासुद्धा आले नाहीत.

भाऊजींनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "त्या बारा जणांचे पत्ते कुठं मिळतील?"

आजवर चौघे सापडले. दर वेळी मी सोबत जाते. तिघांनी ऐकून घेतलं. चौथा भाऊजींचं बोलणं पुरं व्हायच्या आत उठून आतल्या खोलीत गेला. आम्ही बराच वेळ बसून राहिलो, पण तो बाहेर आला नाही.