कांबळे साहेबांची भ्याची वही

कोणत्याही बैठकीची सुरुवात कांबळे साहेब एकाच प्रश्नाने करीत. टेबलावर टेंडरची पाकिटे असोत, पाइपांची मागणी असो, की ठेकेदाराशी चाललेला वाद असो; ते आधी चष्मा पुसत, समोरच्या प्रत्येकाकडे क्रमाने पाहत आणि विचारत, "बोला, आज कुणाला कशाचं भ्या वाटतंया?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा विषय निघत नसे.

हा प्रश्न मी प्रथम ऐकला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, बेळगावच्या वडगाव भागातल्या एका गोदामात. पाणीपुरवठ्याच्या कामांवर कनिष्ठ अभियंता म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. आम्हा सात नव्या अभियंत्यांसाठी खात्याने सहा शनिवारांचे प्रशिक्षण ठेवले होते. मोठ्या सरकारी कामांचे नेतृत्व, निविदा आणि खरेदी असे काहीसे भारदस्त नाव इंग्रजी परिपत्रकात होते. प्रत्यक्षात तिथे दोन बाके होती, पाइपांची चवड होती आणि शेजारच्या विणकरांच्या घरांतल्या मागांचा खडखडाट असा होता की शिकवणाऱ्याला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणावे लागे. शिकवणारे होते नारायण कांबळे, निपाणी उपविभागाचे प्रमुख. ठेंगणा बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि खिशात दोन पेने, एक निळे आणि एक लाल.

"कशाचीच भीती वाटत नाही, सर," आमच्यातल्या पहिल्याने सांगितले. दुसऱ्याने तेच सांगितले. मीही तेच.

"मग तुमचा हितं काय उपयोग न्हाय," साहेब शांतपणे म्हणाले. "ज्याला भ्या वाटत न्हाय त्यानं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकी बांधू नये. भाईर जावा, चहा प्या, आणि येताना एकेक भ्या घेऊन या."

आम्ही हसत बाहेर गेलो. परत आलो तेव्हा हसू ओसरले होते. एकाला ठेकेदारांच्या ओळखीपाळखीची भीती वाटत होती, एकाला कन्नड फाइल वाचण्याची. मी म्हणालो, "मला सही करण्याची भीती वाटते." साहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "ही चांगली हाय. जपून ठेव."

दुसरी एक भीती मी सांगितली नव्हती. माझे आडनाव पाटील, घर येळ्ळूरचे. नव्या साहेबांचे आडनाव मी घरी महिनाभर उच्चारले नाही, कारण आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यावर काय बोलतील ते ऐकण्याचे धैर्य मला नव्हते. अखेर जेवताना त्यांनीच विचारले, "तुझा साहेब कोण रं?" मी सांगितले. ते थोडा वेळ भाकरी मोडत राहिले. "शिकीवतोय का नीट?" "लई नीट." "मग झालं," एवढेच आप्पा म्हणाले. मी महिनाभर उगीच भ्यालो होतो की थोडे तरी कारण होते, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

साहेबांजवळ एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही असे. तिचे कार्यालयीन नाव 'जोखीम नोंदवही'. आम्ही तिला भ्याची वही म्हणत असू. तिच्यात चार रकाने आखलेले होते. भीती कशाची, ती खरी ठरू लागली तर कळेल कसे, लक्ष कोण ठेवणार, आणि केव्हापर्यंत. भीतीचे निराकरण झाले की साहेब पट्टी ठेवून त्या ओळीवर लाल रेघ मारीत. खोडायचे नाही, गिरवायचे नाही. रेघेखालचे अक्षर वाचता आले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

निविदा शिकवतानाही ही वही उघडीच असे. ते सात खोटी पाकिटे तयार करून आणीत आणि आमच्याकडून रीतसर उघडून घेत. सर्वांत कमी दराचे पाकीट हाती लागले की आम्ही उत्साहाने ते वर धरत असू. "थांब," साहेब म्हणत. "हा स्वस्त कशात हाय? वाळूत, लोखंडात, का माणसात? ते कळंपतूर त्याला काम द्यायचं न्हाय." मग आम्ही दराचे प्रत्येक कलम सोडवून पाहत असू. आणि प्रत्येक शनिवारी उठताना ते एक वाक्य न चुकता म्हणत, "कागद खोटं बोलत न्हाय रं. सही करणारा बोलतो."

प्रशिक्षण संपल्यावर मला त्यांच्याच हाताखाली नेमले गेले. वेदगंगेचे पाणी उचलून निपाणीजवळच्या एका गावाला नळाने द्यायचे, अशी ती योजना होती. गावाच्या माळावर बारा खांबांची उंच टाकी उभी राहायची होती. एकदा त्याच माळावर डबा खाताना मी त्यांना विचारले की ही वही आपण कुठे शिकलात. त्यांनी निपाणीच्या दिशेला हात केला.

"तिकडं वखारीत माझी आई तंबाखू निवडायची. बाबा पायाच्या खुदाईवर. एक दिस सकाळी बाबा आईला म्हटला, खड्ड्याशेजारची भिंत बोलायला लागलीया. कामावर गेला. मुकादमाला सांगायची छाती न्हवती. मुकादमानंबी इचारलं न्हाय." त्यांनी डब्याचे झाकण लावले. "दुपारी भिंत बाबाच्या अंगावर आली. मला एवढंच कळतंय पाटील, भ्या कायम खाली खड्ड्यात असतंया आणि सही वर खुर्चीत. दोघांची गाठ घालून द्यायची, ह्याला साहेबपणा म्हणायचा."

आता माझ्या चुकीविषयी. नियम असा होता की अभियंता हजर असल्याशिवाय काँक्रीट ओतायचे नाही. टाकीच्या पूर्वेकडच्या तीन खांबांचे ओतकाम एका सोमवारी सकाळी आठला ठरले होते. रविवारी मी येळ्ळूरला गेलो होतो, आणि सोमवारी सीमाप्रश्नावरून बंद होता. एकही बस सुटली नाही. काही अंतर चालत, काही ट्रकमधून मी कामावर पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. तिन्ही खांब ओतून झाले होते, आणि मिस्त्री मल्लाप्पा त्यांवर ओली पोती गुंडाळत होता.

उशीर झाला असे लिहिणे सोपे होते, असे वाचकाला वाटेल. ते सोपे नव्हते. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. येळ्ळूरचा मराठी तरुण, सरकारी नोकर, आणि नेमका बंदच्या दिवशी कामावर नाही. याचा अर्थ वरच्या कार्यालयात काय लावला जाईल, ते कुणी सांगण्याची गरज नव्हती. मी कामाच्या रोजच्या हजेरीवहीत लिहिले, 'सकाळी आठपासून हजर', आणि खाली सही केली. मल्लाप्पाने पाहिले. तो पुन्हा पोती भिजवू लागला.

त्यानंतर टाकी जसजशी वर चढत गेली तसतशी माझी झोप कमी झाली. वर नवे काँक्रीट पडले की मी पूर्वेकडच्या खांबांकडे पाहत असे. दर सोमवारी साहेब विचारीत, "कशाचं भ्या वाटतंया?" आणि मी कधी झडपांची भीती सांगे, कधी विजेची. वहीत माझ्या नावावर अकरा नोंदी जमल्या. त्यांत ती एक नव्हती.

पाणी सोडण्याचा दिवस उजाडला. साहेबांचा रिवाज होता की पाणी सोडण्यापूर्वी सर्वांनी टाकीखाली बसून वही पहिल्या पानापासून वाचायची. अकराला विभागाचे मोठे साहेब येणार होते. गावच्या बायका लखलखीत घागरी घेऊन नळापाशी रांगेत उभ्या होत्या. आम्ही चौघे सतरंजीवर बसलो; साहेब, मी, मल्लाप्पा आणि पंपचालक.

"साहेब, पंपघराची किल्ली द्या की, मोटर बघून घेतो," पंपचालक म्हणाला. किल्ली नेहमी त्याच्याच कमरेला असे.

"आसू दे माझ्याकडं," साहेब म्हणाले आणि वाचू लागले.

एकेक भीती, एकेक उत्तर, एकेक लाल रेघ. "साहेब, एवढं भ्या वाचून दाखीवलासा तर टाकी सोताच पळून जाईल," मल्लाप्पा म्हणाला, आणि साहेबसुद्धा हसले. मला हसता आले नाही. तेवढ्यात एक म्हातारी घागर घेऊन सावलीला आली आणि पूर्वेकडच्या मधल्या खांबाला पाठ टेकून बसली. "बसू दे बाबा हितं," ती मला म्हणाली. "ऊन लई हाय. पाणी कवा सुटतंया?"

मी तिच्या डोक्यावरच्या खांबाकडे पाहत राहिलो. त्याला गिलावा केलेला होता, चुना लावलेला होता, आणि वरून तो इतर अकरा खांबांसारखाच दिसत होता.

साहेबांनी अखेरची ओळ वाचली. त्यानंतरचे एक पान दुमडलेले होते; ते त्यांनी उघडले नाही. "आणखी कुणाचं काय ऱ्हायलंय?" त्यांनी विचारले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

साहेबांशी मी नेहमी पुस्तकी भाषेत बोलत असे. त्या वेळी मात्र घरची भाषा तोंडातून आली. "साहेब, माझी एक ऱ्हायलीया."

त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि निळे पेन उघडले. "बोल."

मी सांगितले. मध्ये त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "किती वाजता आलास?" "साडेबारा." "कुठले खांब?" मी बोट दाखवले. मग ते मिस्त्रीकडे वळले. "मल्लाप्पा, त्या दिवशी सिमेंट कसं हुतं?"

मल्लाप्पाने मान खाली घातली. "निम्म्या पोत्यांत खडं झालतं, साहेब. ओल लागल्याली. ठेकेदाराचा माणूस म्हटला, फोडून चाळून घाला. मी सांगणार हुतो. पर कुणी इचारलं न्हाय."

साहेबांचे पेन थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी तेवढा एकदाच पाहिला. मग ते उठले आणि म्हातारीजवळ गेले. "मावशी, उठा. हितं बसू नका. आज पाणी न्हाय."

"आँ? मग आमी काय वरातीला आलतो व्हय घागरी घेऊन?" रांगेतली एक बाई म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या. साहेबांनी दोन्ही हात जोडले.

मोठे साहेब आले ते रागातच. "कांबळे, लोक जमलेत. निम्मी टाकी भरा, समारंभ होऊ द्या. खांबांचे नंतर बघू."

"सर, निम्मे पाणीसुद्धा वजनच असते," कांबळे साहेब शुद्ध भाषेत म्हणाले.

"हे लेखी देता?"

"लिहिले आहे, सर." त्यांनी वही पुढे केली.

गिलावा फोडला तेव्हा तीनपैकी दोन खांब आतून मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र निघाले. मधला त्यांपैकीच एक होता. त्यांच्याभोवती नवे लोखंड बांधून नवे काँक्रीट चढवायला चार महिने लागले. मग पाणी सुटले. भरल्या टाकीखाली साहेब आणि मी संध्याकाळपर्यंत बसून होतो. ती टाकी अजून उभी आहे. निपाणीला जाताना मी बसच्या खिडकीतून खांब मोजतो, बारा होईपर्यंत.

चौकशी झाली. साहेबांनी अहवालात लिहिले की अभियंता वाहनाअभावी उशिरा पोहोचला व त्याने खोटी नोंद केली. परंतु बंद होणार हे ठाऊक असूनही ओतकाम पुढे न ढकलण्याची चूक उपविभाग प्रमुखाची, म्हणजे त्यांची स्वतःची आहे. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. माझी नोकरी कायम होणे वर्षभर लांबले. त्यांची बदली दूर बिदरला झाली.

निपाणीच्या स्थानकावर त्यांना पोहोचवायला मी एकटाच गेलो होतो. माफी मागायची म्हणून वाक्य पाठ केले होते, ते आठवेना. ते म्हणाले, "आता तुझ्या हाताखाली माणसं येतील. त्यांना इचारत जा. आणि उत्तर आलं की पयल्यांदा रागावू नकोस. एकदा रागावलास की दुसऱ्यांदा कोण सांगत न्हाय." गाडी सुटण्यापूर्वी त्यांनी वही माझ्या हातात दिली. आमची पुन्हा भेट झाली नाही. ऐंशीच्या दशकात, मी स्वतः नव्या अभियंत्यांना शिकवू लागलो त्याच वर्षी, ते गेल्याचे बिदरहून पत्राने कळले.

स्थानकावरून परतताना मी वहीतले ते दुमडलेले पान उघडले. त्यावर एकच नोंद होती, पाणी सोडण्याच्या ठरल्या दिवसाच्या चार दिवस आधीची.

भीती कशाची: बंदच्या दिवशी येळ्ळूरची गाडी सुटली नव्हती, असे आज कळले. पाटील हजर नसावा. कळेल कसे: तो सांगेल. आज विचारले तर भिऊन नाही म्हणेल, आणि एकदा नाही म्हटले की जन्मभर तेच म्हणत राहील. लक्ष कोण ठेवणार: मी. केव्हापर्यंत: पाणी सोडण्याआधी. न सांगितल्यास किल्ली माझ्या खिशात.

त्याखाली निळ्या शाईत लिहिले होते, 'सांगितले. दहा चाळीस.' आणि संपूर्ण नोंदीवर, पट्टी ठेवून, लाल रेघ मारलेली होती.