एका सीटची गाडी

आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही जमत नव्हतं, आणि आता बोटं वाकडी झाल्यामुळे अक्षर म्हणजे मुंग्यांच्या रांगेवर कुणी फुंकर मारावी तसं झालं आहे. कुणी वाचावं म्हणून ही वही लिहीत नाही. पण कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात आणि मजकूर तेवढा खरा धरावा.

आम्ही उल्हासनगरात कॅम्प चारला राहत होतो. लांबलचक बराकीतली एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. मी घरी जीन्सच्या पँटी शिवायची. कापलेले तुकडे व्यापाऱ्याकडून गठ्ठ्याने यायचे आणि शिवून परत जायचे. मला बोलायची फार भीती. नळावर चार बायका असल्या तरी मी हंडा घेऊन मागे थांबायची, त्या गेल्या की पुढे व्हायची. नवरा मित्रांना सांगायचा, लग्न केलं आणि मुकं जनावर दावणीला बांधलं, वैरण तेवढी कमी लागते.

शेजारच्या खोलीत एक सिंधी विधवा राहायची. पापड लाटून विकायची. तिला सगळे अम्मा म्हणत. बराकीतल्या बायकांची भिशी तीच चालवायची. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेला हप्ता टाकायचा, जिची चिठ्ठी निघेल तिने सगळी रक्कम उचलायची, आणि उचलली तरी भिशी संपेपर्यंत आपला हप्ता भरत राहायचं. अम्माने स्वतःची उचल मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एक डोळा गेल्यातच जमा होता, दुसरा धुरकट होत चालला होता. शेवटच्या उचलीतून ती डोळ्याचं ऑपरेशन करणार होती. हे बराकीत प्रत्येकीला ठाऊक होतं. मलाही.

पहिलीच चिठ्ठी माझी निघाली.

मला त्या पैशांत मोरी बांधून हवी होती. लग्न झाल्यापासून मी पडवीत दोन खाटा उभ्या करून, त्यांवर चादर टाकून आंघोळ करत होते. पण ते मी कुणाला बोलले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही. त्याने पैसे माझ्या हातातून घेतले, मोजले आणि म्हणाला, बरं झालं, आता गाडीचं काम होईल.

गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी हिरवी फटफटी. ती त्याने आधीच आणून पडवीत लावली होती. कारखान्याच्या सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं. कर्ज असताना गाडी घेतली हे साहेबांच्या कानावर जायला नको म्हणून कागद माझ्या नावावर केले होते. मी दाखवलेल्या जागी सही केली होती. सही मला छान येते.

न्हाव्याच्या दुकानात एक विलायती कॅलेंडर होतं. त्यात लांब पुढच्या चाकाची, उंच हँडलची चकचकीत मोटारसायकल आणि तिच्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखा पाय पसरून बसलेला एक माणूस. माझ्या नवऱ्याने ते चित्र न्हाव्याकडून मागून आणलं आणि देवाच्या फळीखाली चिकटवलं. त्याला आपली गाडी अगदी तशी हवी होती.

कॅम्प चारमध्ये काय बनत नाही? गल्लीच्या टोकाला एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. तो नवऱ्याचा दोस्त. दर पगाराला गाडीचं एकेक अंग बदलायला लागलं. पाइप वाकवून हँडल केलं, ते इतकं उंच की बसल्यावर नवऱ्याचे हात वर टांगले जायचे. नळावरच्या बायका त्याला वटवाघूळ म्हणायच्या. मडगार्ड, सायलेन्सर, दिव्याची वाटी, सगळ्याला क्रोमचं पाणी चढवलं. टाकी डाळिंबी रंगाची केली. रेशनचं रॉकेल चेन धुण्यात जायचं आणि मी स्टोव्हपुरतं रॉकेल मागत शेजारी फिरायची.

पुढचं चाक लांब न्यायचं तर पुढचे दोन्ही दांडे लांब हवे होते. मिस्त्री म्हणाला, लेथवर नवीन दांडे करून घेऊ. पण तसे करून घ्यायला पैसे जास्त पडत होते. नवरा म्हणाला, मी फिटर आहे, मला शिकवू नको. त्याने नळाच्या पाइपाचे तुकडे आणले आणि जुन्या दांड्यांना वेल्डिंगने जोडून घेतले. वर क्रोम चढवल्यावर जोड कुठे आहे ते कळतसुद्धा नव्हतं. मिस्त्रीने सांगितलं होतं, बाजारात फिरव, मोठ्या रस्त्याला पळवू नको.

मग सीट. मूळची सीट दोघांची होती. ती त्याने कापायला लावली. मी चहा घेऊन गेले तेव्हा मिस्त्रीने माझ्याकडे बघत विचारलं, वहिनी कुठे बसणार? नवरा म्हणाला, "तिला कुठे न्यायचंय? ती काय दाखवायची वस्तू आहे?" सगळे हसले. मी कप ठेवले आणि उष्टे कप मिळेपर्यंत तिथेच उभी राहिले.

त्या एका सीटचं कव्हर मी शिवावं असं ठरलं, कारण माझ्या मशीनला जाड कापडाची सुई होती. काळं रेक्झिन, खाली स्पंज, कडेला पितळी खिळ्यांची ओळ. रेक्झिन सरकत होतं. चौथ्या पट्टीला सुई मोडली आणि अर्धी माझ्या बोटात गेली. रक्त रेक्झिनवर पडलं. नवरा धावत आला. खिशातला रुमाल काढला आणि रेक्झिन पुसलं. डाग पडला नाही ना हे उजेडात धरून पाहिलं. सुई मी दाताने ओढून काढली.

माझं माहेर बदलापूरला, मांजर्लीत. भात लावणारं घर. बाप आजारी होता, एक दिवस सकाळी निरोप आला की गेला. मी साडी बदलेपर्यंत नवऱ्याने गाडी चालू केली होती. म्हणाला, मी पुढे होतो, तू ये मागून. मागे बसायला जागाच नव्हती, तर भांडायचं कशावरून? लोकल चुकली, पुढची मिळाली, स्टेशनपासून चालत गेले. पोचले तेव्हा दारात फक्त भिजलेली जागा होती. बापाला पोचवून माणसं परतसुद्धा आली होती. भाऊबंद पिंपळाखाली नवऱ्याच्या गाडीभोवती उभे होते आणि तो त्यांना हँडल कसं वाकवलं ते सांगत होता. आई मला म्हणाली, जावई वेळेवर आले हो, तूच राहिलीस.

त्या दिवशी मी रडले नाही. गाडीकडे बघत होते. उन्हात ती फार सुंदर दिसत होती, ते खोटं का लिहू.

पुढे नवरात्रात तो मित्रांबरोबर बदलापूरच्या रस्त्याला शर्यत लावायला गेला. चिखलोलीच्या अलीकडे खड्डा आला आणि दोन्ही दांडे जोडावरच तुटले. चाक एकीकडे आणि तो दुसरीकडे. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. त्याला टेम्पोत घालून आणलं, त्याच टेम्पोत गाडीही आणली. पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. कारखान्याने थोडे दिवस पगार दिला, मग थांबवला. माझ्या शिवणाचे पैसे औषधात आणि पिठात जायचे. भिशीचा हप्ता राहिला. एक राहिला, दुसरा राहिला. ज्या बाईची उचल असेल तिला पैसे पुरे द्यायला हवेत, म्हणून माझा वाटा अम्मा पापडाच्या पैशांतून घालत होती.

तिसऱ्या महिन्यात तिने बराकीत सांगून टाकलं की पैसे फिटेपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. मी आधीच कुणाशी बोलत नव्हते, त्यामुळे पहिले चार दिवस मला कळलंच नाही. मग एकदा नळावर माझा हंडा भरता भरता कुणीतरी बाजूला सरकवला आणि सगळ्या दुसरीकडे बघत राहिल्या, तेव्हा कळलं.

अम्मा स्वतः मात्र बोलायची. ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. पडवीत मोडकी गाडी उभी होती, पण दिव्याची वाटी अजून झगझगत होती. अम्माने हाताने चाचपत ती वाटी शोधली आणि तिच्यावर नख वाजवलं.

"देख," ती म्हणाली, "मेरी आँख तेरे मरद ने इधर लगा दी."

नवरा आतून ओरडला की म्हातारीला बाहेर काढ. मी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या गॅरेजपाशी गेले आणि बराच वेळ नुसती उभी राहिले. त्यालाच दया आली. त्याने विचारलं, गाडी विकायची का? मी मान डोलावली. तो म्हणाला, आख्खी कुणी घेणार नाही, कागदावर एक गाडी आहे आणि पडवीत दुसरीच. भंगाराच्या भावाने जाईल. पण सुटे भाग शौकिनांना हवे असतात. गिऱ्हाईक येईल तसा एकेक भाग काढू, महिन्याला एखादा तरी जाईल.

"आणि भाऊंना विचारायची गरज नाही, वहिनी," तो म्हणाला. "मालक तुम्ही आहात."

मिस्त्री पाने-पक्कड घेऊन आला त्या सकाळी मी नवऱ्याची खाट त्याच्यासकट ओढून दारात आणली, तोंड पडवीकडे. नवऱ्याला वाटलं हवेला घेते आहे. मग मिस्त्रीने हँडलचे नट सैल करायला सुरुवात केली. नवऱ्याने आधी शिव्या दिल्या, मग मिस्त्रीला दोस्तीची आठवण दिली, मग मला म्हणाला, अगं, निदान खाट तरी भिंतीकडे फिरव.

"पाय हलवायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले.

लग्नानंतर मी त्याला दिलेलं ते पहिलं उत्तर असावं.

पहिल्या महिन्यात हँडल गेलं. मग दोन्ही सायलेन्सर. मग दिव्याची वाटी. गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी मी भाग राखेने घासून चकचकीत करायची आणि खाटेसमोर ठेवायची. लोक उचलून बघायचे, भाव पाडायचे, म्हणायचे क्रोम पातळ आहे. नवरा पडल्या पडल्या भांडायचा की पातळ नाही, मी स्वतः उभं राहून करून घेतलं आहे. त्यामुळे भाव बरा यायचा. हे लक्षात आल्यावर मी गिऱ्हाइकाला मुद्दाम त्याच्याकडेच पाठवू लागले. टाकी विकली त्या दिवशी त्याने चादर डोक्यावर ओढून घेतली आणि जेवला नाही. मी त्याच्या वाटणीची भाकरी खाल्ली.

सीट मात्र कुणी घेतली नाही. मिस्त्री म्हणाला, प्रत्येकाला बायको आहे वहिनी, एका सीटचं काय करणार.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय आखूड झाला होता. कारखान्याने त्याला परत घेतलं नाही. तो काठी घेऊन पडवीपर्यंत यायचा आणि उरलेल्या सांगाड्याजवळ उभा राहायचा. इंजिन तेवढं राहिलं होतं. ते त्याने मागितलं, अगदी हात जोडून मागितलं. म्हणाला, इंजिन असलं तर गाडी पुन्हा उभी करता येते. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. भिशीचा शेवटचा महिना आला होता, अम्माच्या उचलीचा. माझे मागचे हप्ते फिटत आले होते, पण शेवटची रक्कम इंजिनाशिवाय होत नव्हती. इंजिन दोन माणसांनी उचलून हातगाडीवर ठेवलं. पडवीच्या फरशीवर तेलाचा काळा गोल राहिला.

पैसे घेऊन मी अम्माकडे गेले. बराकीतल्या बायका चिठ्ठी नसली तरी रिवाजाप्रमाणे तिच्या खोलीत जमल्या होत्या. मी पैसे तिच्या मांडीवर ठेवले. तिने एकेक नोट डोळ्याला जवळजवळ चिकटवून पाहिली, मग अंगठ्याने चाचपून पुन्हा मोजली. भिंतीपलीकडे नवऱ्याची काठी वाजत होती.

अम्मा म्हणाली, "अब खाट पे जो बचा है, उसका भी भाव पूछ ले."

बायका हसल्या. मीही हसले, मोठ्याने. भिंत पातळ होती, त्याला ऐकू गेलं असणार. काठी थांबली.

अम्माने नोटा पदराच्या टोकात बांधल्या. माझे दहा रुपये जास्त आले होते, ते तिने हाताने माझा हात शोधून त्यात ठेवले आणि सगळ्यांदेखत सांगितलं की हिच्याकडे आता काही बाकी नाही.