चादरीखालचा फळा

कंधार तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेला सरकारी अनुदानातून डिजिटल फळा मिळाला, तेव्हा मी तिथं नुकतीच रुजू झाले होते. काळाभोर रुंद पडदा, बोटानं लिहिता येणारा. माणसं आली, सातवीच्या वर्गात तो बसवला, चालू करून दाखवला आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन गेली. त्याच दुपारी मुख्याध्यापकांनी घरून फुलाफुलांची चादर आणून फळ्यावर टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि सातवीचा वर्ग व्हरांड्यात हलवला.

मला वाटलं, उद्घाटनासाठी कुणाची तरी वाट बघत असतील. पण दिवाळीची सुट्टी संपली तरी कुलूप तसंच. शेवटी विचारलं.

"मॅडम, सरकारी माल हाय तो," सर म्हणाले. "मी पुढच्या वर्षी रिटायर होऊन राहिलो. जसा आला तसा पुढच्याच्या ताब्यात द्यायचा अन् मोकळं व्हायचं."

सर कामचुकार नव्हते. नायगावकडच्या एका शाळेत असताना तिथले अनुदानातले संगणक चोरीला गेले होते. चोर सापडले नाहीत, चौकशी मात्र सरांच्या मागं लागली. कित्येक वर्षं ते नांदेडला चकरा मारत होते. बायको दवाखान्यात होती तेव्हासुद्धा रजा मागायची भीती वाटायची, असं त्यांनी मला साध्या आवाजात सांगितलं. मग मी कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही.

थंडी वाढली. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षबाईंची लेक सातवीत होती. बाई एका सकाळी शेतात जायच्या आधी, डोक्याला रुमाल बांधलेल्या तशाच शाळेत आल्या.

"गुर्जी, माझी लेक व्हरांड्यात बसून खोकून राहिली, अन् आत चादर कुणाला पांघरलीय?"

मला हसू आलं, ते दाबलं. सर हसले नाहीत. "ताई, उद्या काई फुटलं तर चौकशी माझी होईल."

"तुमची एकट्याची कशी? समिती कशाला हाय मग? ठराव घ्या. फळा रोज वापरायचा, अन् पोरांच्या हातून काई झालं तर समितीनं बघायचं. पहिली सही मी करते."

ठराव झाला. सरांनी कुलूप काढलं, चादर घडी करून पिशवीत घातली. मुलं आत आली. मी अपूर्णांक शिकवायला लागले. फळ्यावरचे भाकरीचे तुकडे बोटानं सरकवून जोडायला पोरं रांग लावायची. सर दारात उभे राहून नुसतं बघायचे.

आणि मग व्हायचं ते झालं. एका मुलीचं बोट ओलं होतं, पडद्यावर चालेना. तिनं कंपासपेटीतलं कर्कटक काढलं आणि त्याच्या टोकानं रेघ ओढली. लांबलचक ओरखडा. सर आले, त्यांनी ओरखड्यावरून हळूच बोट फिरवलं. मुलीला एका शब्दानं बोलले नाहीत. बाहेर जाऊन खुर्चीत बसले, त्या दिवशी डबाही उघडला नाही.

पुढे तालुक्याचे साहेब तपासणीला आले. कुणी विचारायच्या आत सरांनी त्यांना फळ्यापुढं नेलं. "साहेब, हा ओरखडा. पोरांनी वापरताना पडलाय. ठराव हाय आपल्याकडं."

साहेबांनी वाकून पाहिलं. "म्हणजे वापरताय तर! काही ठिकाणी वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही." आणि ते पोषण आहाराची खिचडी बघायला निघून गेले.

त्यांची गाडी गेल्यावर सर फाटकातून परत आले. "एवढंच का हो, मॅडम?"

"एवढंच, सर."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझा तास मागितला आणि फळ्यावर नकाशा कसा उघडायचा ते दाखवायला लावलं. जन्मभर कापडी नकाशावर भूगोल शिकवलेला माणूस, त्यानं त्र्यंबकपासून गोदावरी धरली. पैठण आलं, नांदेडचे घाट आले, पोरं ओरडली. निवृत्त होईपर्यंत ती खोली त्यांच्याकडंच असायची. मी गणितासाठी मागायला गेले की म्हणायचे, "उद्या घ्या मॅडम. आमची नदी अजून राजमहेंद्रीलाच पोचलीय, समुद्र बाकी हाय."